पिवळा धागा, लाल कागद

वासण्याच्या त्या पार्टी प्लॉटवर, म्हणजे लग्नसमारंभाच्या मैदानावर, रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पादरा गावाहून टेम्पो भरभरून माणसं आली होती. स्टेजवर जनुकानंद महाराज, मागे डीएनएच्या पिळाचं भलंमोठं चित्र, आणि त्या पिळाला चक्क झेंडूचा हार! मनाच्या आजारांमागची जनुकं तपासण्यात माझा उभा जन्म गेला, पण त्यांना हार घातलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"वेड म्हणजे काय? बिघडलेलं जनुक!" महाराज माइकमध्ये गरजले. "आमचं तीर्थ घ्या, चूळ भरा, कागदावर थुंका. जनुक दोषी असेल तर कागद लाल! बैठका पूर्ण करा, कागद पिवळा, गोळ्या बंद!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी भावजय नयना हात जोडून उभी होती, शेजारी तिचा मुलगा आशय. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या लागू पडल्या तेव्हा कुठे पोरगा कॉलेजात जायला लागला. आणि आज नयनाने त्याच गोळ्यांचं पाकीट स्टेजवरच्या घंगाळात 'विसर्जित' केलं होतं.

"नयना, अगं, मागे गोळ्या सुटल्या तेव्हा हा गच्चीच्या कठड्यावर चढला होता!"

"वन्सं, आधी कागद लाल होता, आज पिवळा झाला. या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही नुसतं शोधत बसता, हे बरं करतात."

झोंबलं मला ते. "ठीक आहे. मग माझीही तपासणी होऊ दे. पण आमच्याकडे नमुन्यावर नाव घालत नाहीत. माणूस कोण ते आधी कळलं, की तपासणाऱ्याला हवं तेच दिसतं. तू फक्त बघत राहा."

चपला ठेवायच्या जागी एक गोड सेविका मनगटाला धागे बांधत होती. "आवो बेन, घरमां कोईने मननी तकलीफ?"

"छे हो! सगळे ठणठणीत," मी धडधडीत खोटं बोलले. पिवळा धागा मिळाला. माझ्यामागे गोत्रीच्या आमच्या शेजारीण तरुबेन होत्या. त्यांना मी पढवून आणलं होतं. साखळीने बांधलेल्या काकांची कहाणी सांगताना त्या अशा रडल्या, की मलाच खरं वाटलं. त्यांना लाल धागा.

स्टेजवर तीर्थ देणारा माणूस मनगट बघायचा. पिवळ्याला पितळी कळशी, लालला तांब्याची. तरुबेन थुंकल्या, कागद लालभडक. मी थुंकले, पिवळाच राहिला.

"पाहा! सात पिढ्या निष्कलंक!" महाराज ओरडले.

मी माइक ओढूनच घेतला. "माझा सख्खा भाऊ लक्ष्मण याच आजाराचा. त्याच्याही गोळ्या असल्याच एका बुवाने सोडवल्या, मग तो आमच्या हाती राहिला नाही. कसला कलंक हो? आणि तरुबेन, तुमचे काका?"

"मारे तो काका ज नथी! काकाच नाहीत मला!"

नयनाचा चेहरा उतरला. आपल्या या दिराचे हाल तिने पाहिले होते.

"बेन, श्रद्धा मोजता येत नाही!" महाराज घाईने म्हणाले.

"मी थुंकी मोजतेय, महाराज!" दोन सेवक माझ्याकडे धावले, तोवर मी कोरा कागद तांब्याच्या कळशीत बुडवला होता. कुणाची थुंकी नाही, काही नाही. तरी लालभडक! "कागदाला हळद फासलीय, कळशीत चुन्याची निवळी आहे. कुंकू असंच तर करतात! बैठका संपल्या की तुमचा धागा बदलतात, कळशी बदलते. जनुक आहे तिथेच असतं."

लोक आपापल्या मनगटावरचे धागे न्याहाळू लागले.

"ऐका. या आजाराचं एकच एक जनुक नसतं. शेकडो असतात, एकेकाचा वाटा चिमूटभर. त्यात ताण, नशा, आयुष्यात सोसलेलं, बरंच काही मिसळतं. घरात कुणाला होता म्हणून तुम्हाला होईलच असं नाही, आणि झालाच तर त्यात लाज कसली? आमचं काम अजून अर्धवट आहे, कबूल! पण म्हणून थापा मारायचा परवाना कुणाला मिळत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि चमत्कार दिसला की एवढंच विचारा: माझी माहिती आधी काढली नसती, तरी याला हेच दिसलं असतं का?"

महाराज मागच्या पडद्याआड सटकले. पण माझं लक्ष आशयकडे होतं. तो स्टेजवर चढला, घंगाळात हात घातला आणि आपलं पाकीट शोधून काढलं. त्याच्यामागून एक म्हातारे गृहस्थ चढले, मग एक बाई, मग रांगच लागली.

"आई, सकाळची गोळी राहिलीय," आशय म्हणाला.

सेवकाने सवयीने पितळी कळशी पुढे केली. नयनाने ती हाताने बाजूला सारली आणि पिशवीतली घरची बाटली काढून लेकासमोर धरली.