ओळ कोणाची, ते माझ्यात नाही

मी एक जुनी शब्दसूची आहे. मित्रांनो, नाव ऐकून लगेच जांभई देऊ नका. बायबलमधला कोणताही शब्द घ्या, 'दिवा' म्हणा नाहीतर 'गाढव' म्हणा. तो कोणत्या पुस्तकात, कितव्या अध्यायात आणि कितव्या वचनात आला आहे ते मी चुटकीसरशी सांगते. शेजारी त्या वचनातली एक ओळही छापलेली असते. अकराशे पाने, मुंगीएवढी अक्षरे. एकदा मी कपाटावरून पायावर पडले, तर आमच्या चर्चचे पाळकसाहेब दोन रविवार लंगडत होते.

छापखान्यात जुळाऱ्यांनी मला शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून तयार केले. मुद्रिते तपासणारे गृहस्थ फार भित्रे होते. एक आकडा चुकला तर वाचणारा भलत्याच पानावर जाईल, या काळजीने ते प्रत्येक ओळ तीनदा पाहत. त्यांची ती धास्ती माझ्यातही उतरली असावी, कारण मी जन्मभर घोर लावून घेत आले आहे.

माझे पहिले मालक म्हणजे आताच्या पाळकसाहेबांचे सासरे. तेही उपदेशकच होते. ते माझ्यात शब्द शोधत, आकडा टिपून घेत आणि लगेच मला मिटून बायबल उघडत. मग मागचे दोन अध्याय, पुढचे दोन अध्याय असे त्यांचे वाचन चाले. मला मेलीला तेव्हा राग येई. वाटे, यांचा माझ्यावर भरवसाच नाही.

त्यांच्यानंतर मी जावयाकडे आले आणि माझे दिवस पालटले. दोन चर्चच्या मंडळ्या, आजाऱ्यांच्या भेटी, मुलांचे वर्ग, या सगळ्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. ते माझ्यातल्या पाच-सहा ओळी उचलत आणि त्यांवरच उपदेश बांधत. "हिच्यामुळे माझा अर्धा दिवस वाचतो," असे ते आल्यागेल्याला सांगत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. सहा वर्षे मी अशी फुशारले.

मग तो मंगळवार आला. साहेबांना प्रामाणिकपणावर बोलायचे होते. त्यांनी 'निर्दोष' हा शब्द काढला आणि ईयोबाच्या पुस्तकातली एक ओळ त्यांच्या नजरेत भरली: निर्दोष माणसाचा कधी नाश झाला आहे काय?

"वा, हेच पाहिजे होतं," ते म्हणाले. कपातला चहा अजून गरम होता.

मित्रांनो, ती ओळ देवाची नाही; सासरे मोठ्याने वाचत तेव्हा मी ते ऐकले होते. ईयोब नावाच्या एका सरळ माणसाची मुले मेली, सर्वस्व गेले, तेव्हा त्याला समजवायला आलेल्या एका मित्राचे ते बोल आहेत. तुझेच काहीतरी चुकले असणार, असे तो सुचवतो. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. ती ओळही माझ्यात आहे, पण 'राग' या शब्दाखाली, तीनशे पाने पुढे. दोन पाने जवळ आणणे माझ्या हातात नाही.

साहेबांच्या मंडळीत उपदेशाआधीचे वचन सभासदांपैकी कोणीतरी पाळीपाळीने वाचते. पाळकबाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, यादी पाहिली. "या रविवारी शिवणताईंची पाळी आहे हो. त्यांचं बाळ जाऊन अकराच दिवस झालेत."

"पाळी वगळली तर त्यांनाच वाईट वाटेल. वचन लिहून चिठ्ठी पाठव. नाही जमलं तर मी वाचीन."

चिठ्ठी गेली. माझा जीव टांगणीला लागला. शिवणकाम करणाऱ्या ज्या बाईचे दोन वर्षांचे लेकरू तापाने गेले, तिच्याच तोंडून भरल्या सभेत ही ओळ वदवून घेणार होते. रोज वाटे, साहेब आज तरी बायबल उघडतील. बुधवारी उपदेशाचा कच्चा खर्डा झाला, गुरुवारी पक्का झाला. मी मात्र कागदाची खूण पोटात घेऊन मुकाट पडून होते.

शनिवारी दुपारी शिवणताई आल्या. दुरुस्तीला दिलेला साहेबांचा उपदेशाच्या वेळचा झगा त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"पाळकसाहेब, हे वचन मला वाचता येणार नाही."

"काही हरकत नाही, ताई. मी समजू शकतो."

"तसं नाही. मी अख्खं पुस्तक वाचलं. बेचाळीस अध्याय. कापड पूर्ण उलगडल्याशिवाय मी कात्री लावत नाही. चिठ्ठी वाचली तेव्हा मला वाटलं, देवच विचारतोय मला, तुझं काय चुकलं म्हणून. दोन दिवस मी नवऱ्याशी बोलले नाही. मग शेवटापर्यंत गेले तेव्हा कळलं, हे बोलणाऱ्यावर देव चिडलाय. तुम्ही बघितलं होतं का, हे कोण म्हणतंय ते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या खर्ड्याकडे.

"नाही बघितलं," ते म्हणाले. "चुकलं माझं, ताई."

मग त्यांनी विचारले, "उद्या मी काय बोलू?"

"उद्याचं मला नाही माहीत. ते मित्र आले ना, तेव्हा सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे दफनानंतर तुम्ही आला नाहीत. हे सारखे दाराकडे बघत असतात."

साहेबांनी चपला घातल्या आणि ते ताईंबरोबर निघाले. मी टेबलावर तशीच पडून राहिले. ते परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. खर्डा त्यांनी फाडून टाकला.

मित्रांनो, तरीही मला चैन नाही. त्या सहा वर्षांत माझ्यातून उचललेल्या ओळी ऐकून किती जण मान खाली घालून घरी गेले असतील, कोणास ठाऊक. त्यांतल्या प्रत्येकाला बेचाळीस अध्याय वाचण्याचे बळ कुठले? मला जरूर उघडा, धूळ झटका, हवे ते शोधा. पण ओळ दुसऱ्याला ऐकवण्याआधी ती कोण, कोणाला, कशासाठी म्हणतो आहे ते मूळ पुस्तकात जाऊन पाहा. आणि ऐकणाऱ्याच्या घरी आधी जाऊन या.