लेम्पी हार्यूची चाकोरी

लेम्पी हार्यूने आखलेल्या चाकोरीवर स्की चालवण्यासारखं सुख नाही, हे मिनिआपोलिसच्या उत्तरेला असलेल्या आमच्या खाणगावात सगळ्यांना मान्य होतं, आणि खुद्द लेम्पीला सगळ्यांत जास्त. वय अडुसष्ट, एक गुडघा देवाने दिलेला आणि एक डॉक्टरने बसवलेला. तरी हिवाळाभर रोज पहाटे पाचला ती बर्फावर धावणारी स्नोमोबाईल काढायची, मागे लोखंडी आखणी जोडायची आणि रानातून गोल फिरून येणाऱ्या सहा मैलांच्या वाटेवर बर्फात स्कीसाठी खाचांच्या दोन जोड्या पाडून यायची. दोन जोड्या अशासाठी, की दोघांना शेजारी-शेजारी गप्पा मारत जाता यावं.

ही वाट तिच्या बापाच्या पिढीने काढली. एका वर्षी खाण बंद पडली आणि पुरुषमाणसं घरात बसून भिंतींकडे बघायला लागली. तेव्हा बायकांनीच त्यांच्या हातात कुऱ्हाडी देऊन त्यांना बाहेर हाकललं. दिवसा झाडं तोडायची, रविवारी सगळ्या गावाने त्याच वाटेवर स्की करायची. त्या हिवाळ्यात गावातल्या एकाही माणसाने जिवाचं बरंवाईट करून घेतलं नाही, हे लेम्पी अजूनही छाती पुढे काढून सांगते. सांगावंच असं आहे ते.

वाटेचा नियम एकच. चाकोरीवर पाय ठेवायचा नाही. बुटाचा खड्डा पडला की तासाभरात गोठून दगड होतो, आणि त्यात स्कीचं टोक अडकलं की माणूस तोंडावर आपटतो.

आणि या जानेवारीत खड्डे पडायला लागले. रोज. डाव्या जोडीत, खाचेत नेमके पाय टाकत कोणीतरी जड बुटांचा माणूस अख्खे सहा मैल चालून जात होता. लेम्पीच्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे कोणी कोणाला तोंडावर बोलत नाही, पाटी लावतात. तिनेही लावली: ‘बूटवाल्यांनी रस्त्याने चालावं. ही वाट कष्टाने केलेली आहे.’ खाली नाव नाही. त्यावर गप्प बसली असती तरी भागलं असतं. पण कॅफेत पाटीचा विषय निघाला तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ज्याचे पाय इतके जड, त्याचं डोकंही तेवढंच जड असणार.” सगळे हसले. कोपऱ्यातल्या टेबलावरचा लुडी झुपान कॉफी अर्धी टाकून उठला, तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून खड्डे बंद. लेम्पी आठवडाभर विजयी मुद्रेने हिंडली.

मग मिनिआपोलिसहून लुडीच्या मुलीचा, मार्जीचा फोन आला. आई वारल्यापासून बाबा पलंगावरून उठत नव्हते, ती सांगत होती. नव्या वर्षात कसेबसे बाहेर पडायला लागले होते, रोज पहाटे रानात चालून यायचे, आवाजही पूर्वीसारखा झाला होता. आता पुन्हा पडदे ओढून बसलेत, फोन उचलत नाहीत. “मिसेस हार्यू, तुम्ही त्यांच्याबरोबर शाळेत होतात. काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे का?”

लेम्पीला माहीत होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ही गोष्ट तिच्या सवयीची नव्हती.

तिने आधी आमच्याकडचा नेहमीचा उपाय केला. खिमा-बटाट्याचं भांडं भरून त्याच्या दारात ठेवून आली. दोन दिवसांनी भांडं घासूनपुसून तिच्या पायरीवर परत आलं, आत चिठ्ठीसुद्धा नाही. तेव्हा तिने डावी जोडी मोडली. ती बाजू दाबून सपाट केली, चालणाऱ्यांसाठी. वाटेच्या समितीचा आर्ने तणतणत आला, साठ वर्षांत असं झालेलं नाही म्हणाला. लेम्पी म्हणाली, साठ वर्षांपूर्वी ही वाट कशासाठी काढली ते घरी जाऊन आईला विचार. आर्नेची आई ब्याण्णव वर्षांची, आणि बाहेर हाकलणाऱ्या बायकांतली. आर्ने पुन्हा आला नाही.

मग ती लुडीच्या दारात जाऊन उभी राहिली.

“पाटी मी लावली होती.”

“अक्षरावरून कळलं,” लुडी म्हणाला. दाढी वाढलेली, अंगावर झोपेतलेच कपडे. “कोंबडीचे पाय. शाळेपासून तसंच आहे.”

“आणि डोक्याचं बोलले तेही मीच. लुडी, माझी चूक झाली.”

हे वाक्य ऐकायला तिच्या नवऱ्याने चाळीस वर्षं वाट पाहिली आणि तसाच गेला बिचारा.

लुडी दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाला, “रस्त्यानेही चाललो असतो. पण तिथे कोणी नसतं. तुझ्या त्या खाचेत पाय टाकला की वाटायचं, आपल्या आधी कोणीतरी इथून गेलंय. म्हणजे आपण एकटे नाही.”

लेम्पीने नाक पुसलं. “उद्या सहाला ये. डावी बाजू सपाट केली आहे. आला नाहीस तर पाटी लावीन, आणि या वेळी नाव घालून.”

तो आला. पहिले चार दिवस एकटाच. मग नर्सिंगची नोकरी सुटलेली शेजारची डोरीन त्याच्याबरोबर निघाली, मग खाणीतले दोन जुने सोबती, ज्यांना गुडघ्यांपायी स्की सोडून दहा वर्षं झाली होती. मग आर्नेची आई, ढकलखुर्चीसारख्या घसरगाडीवर, मागून ढकलायला आर्ने.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्रीत फूटभर बर्फ पडला. लेम्पी पहाटे नेहमीसारखी निघाली, पण वळणावर तिची आखणी घसरून डाव्या बाजूवर चढली. आणि तिला समोर दिवे दिसले, कपाळांवर बांधलेले. अकरा माणसं, पायांत बर्फावर चालायचे रुंद जोडे, एका ओळीत ताजा बर्फ तुडवून बसवत येत होती. सर्वांत पुढे लुडी.

त्याने हात वर करून तिला थांबवलं. “लेम्पी, यंत्र तिकडे घे. ही बाजू पायवाल्यांची आहे. कष्टाने केलेली आहे.”

मागचे दहा जण हसले. लेम्पीने मुकाट्याने यंत्र बाजूला घेतलं, बंद केलं, आणि सगळी रांग पुढे जाईपर्यंत टोपी हातात धरून उभी राहिली.

त्या दिवशी कॅफेत ती एकेका टेबलापाशी जाऊन सांगत होती, “आज लुडी झुपानने मला सगळ्यांसमोर झापलं.” सांगताना तिची छाती अशी फुगली होती, की कोटाचं वरचं बटण उघडावं लागलं.