रेघेपलीकडे

फळ्यावरची माझी उभी रेघ आज खाली येताना पाऊण इंच डावीकडे कलली होती. त्रिकोणमितीतली नित्यसमानता सिद्ध करताना कुठलंही पद दोन बाजूंमधली ही रेघ ओलांडून पलीकडे न्यायचं नाही, हा अमेरिकेतल्या डुलुथच्या शाळेतला माझ्या वर्गाचा नियम. जो नेईल त्याने सगळ्यांना डोनट आणायचे. सव्वीस वर्षांत मी एकदाही आणले नव्हते. या महिन्यात तीन खोकी आणली.

आज ‘एक वजा साइन वर्ग’ रेघेपलीकडे नेलं आणि माझा हात थांबला. ते कशाच्या बरोबरीचं असतं, हे आठवेना.

“मॅडम, डोनट!” मागून ओडेल ओरडला. “साखरेचे पुरे झाले, आता चॉकलेटचे आणा!”

वर्ग हसला. पुढे बसलेली ग्रेटा हसली नाही. “कॉस वर्ग, मॅडम,” ती हळूच म्हणाली.

स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी सप्टेंबरपासून माझ्या खणात पडून होती. आता मार्च उजाडला होता. तास संपल्यावर ती घेऊन मी शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या लॉरेनकडे गेले.

“काय गं, परत डोनट?” तिने विचारलं.

मी चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. “उद्या तपासणी करून घेणार आहे. तू येशील माझ्याबरोबर?”