मरण नसलेली गाडी

जुन्या गाड्या विकायच्या त्या आवारात भरदुपारी पन्नास-साठ माणसं एका राखाडी गाडीभोवती दाटीवाटीनं उभी होती. आत स्टिअरिंगवर गाड्यांची पीडा काढणारे गाडीबाबा. त्यांनी हँडब्रेक खेचला, चारही चाकांना विटा लावून घेतल्या, चौथा गिअर टाकला आणि गर्जना केली, "आता क्लच सोडतो! कुठलीही गाडी आचके देऊन बंद पडेल. पण जिची पीडा मी काढली, तिला मरण नाही!"

क्लच सुटला. इंजिन घुरघुरतच राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि दोघातिघांनी बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. त्यांचंही नवल नाही. क्लच सोडताना गाडी बंद पाडून भरचौकात शिव्या खाल्लेली माणसं ती; बंद न पडणारी गाडी म्हणजे त्यांच्या लेखी साक्षात्कारच.

मास्तरीणबाईंच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं त्या लोकांना गाडी शिकवत होत्या. धाकट्या भावानं "ताई, गाडी ठरवलीय, बघायला ये" म्हणून बोलावलं होतं, आणि त्या पोचेतो हा शहाणा कागदावर सही करायला निघालासुद्धा. त्याच्या बायकोला नववा महिना. दवाखाना उभ्या चढावर, एका अंगाला दरी. कळा सुरू झाल्या की तिला याच गाडीतून न्यायचं होतं.

"पेन खाली ठेव," त्या म्हणाल्या.

"अगं ताई, चमत्कार पाहिलास ना?"

"चमत्कार कसला, रोग आहे तो! बाबा, तुम्ही कुठल्या गाडीतून आलात?"

बाबांनी दाराशी उभ्या पांढऱ्याशुभ्र गाडीकडे हात केला. "ती तर रोज माझ्या सहवासात असते, माते."

"म्हणजे दुप्पट अमर. द्या किल्ली."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. त्याच विटा, तसाच हँडब्रेक, तोच चौथा गिअर. मास्तरीणबाईंनी क्लच सोडला आणि बाबांची गाडी एक आचका देऊन गप्प झाली.

"तुमच्या मनात शंका होती, म्हणून रुसली ती!" बाबा ओरडले.

"रुसली नाही, धडधाकट आहे ती!" बाईंचा आवाज सगळ्या आवारात घुमला. "इंजिनाचा जोर क्लच प्लेट चाकांपर्यंत पोचवते. चाकं जखडली आणि प्लेटनं घट्ट पकडलं, तर इंजिनाला थांबावंच लागतं. थांबत नाही म्हणजे प्लेट झिजलीय, नुसती घसरतेय. गॅरेजात खराब क्लच ओळखायला हेच करतात. आणि तुम्ही त्याच्यावर टाळ्या वाजवताय!"

आवारामागे गाड्या धुवायचा सिमेंटचा चढ होता. राखाडी गाडी बाईंनी त्यावर घातली. अर्ध्यावर इंजिन ठणाणा करू लागलं, पण गाडी जागची हलेना आणि जळका वास सुटला.

"पीडा जळतेय!" बाबा म्हणाले.

"प्लेट जळतेय, मूर्खा!" ब्रेक दाबून त्या भावावर उखडल्या. "गाडीला मरण नाही म्हणे. तुम्हा तिघांना होतं ना! मागं दरी असती तर?"

भावानं पेन खिशात घातलं. मग बाई आवाराच्या मालकाकडे वळल्या. "इतकी वर्षं धंद्यात आहात. तुम्हाला ठाऊक होतं ना हे?" मालक विक्रीचे कागद गोळा करू लागला. त्याच्या या साळसूदपणाचीच बाईंना सगळ्यात जास्त चीड आली.

"ऐका," त्या गर्दीला म्हणाल्या. "आजच आपापली गाडी तपासा. विटा नीट लावा, समोर कुणाला उभं राहू देऊ नका. बंद पडली तर निर्धास्त राहा. नाही पडली तर बाबा शोधू नका, गॅरेज गाठा. डोकं सगळ्यांना दिलंय, ते वापरायला कुणाचा आशीर्वाद लागत नाही."

लोक पांगले. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, घरी हिला सांगू नकोस हं."

"मी नाही सांगणार. तू सांगशील, आत्ता, माझ्यासमोर. त्या गाडीत ती बसणार होती."

त्यानं फोन लावला. पलीकडून तिनं उत्साहानं विचारलं, "झाली का हो आपली गाडी?"

"नाही," तो म्हणाला. "मी फार मोठी चूक करत होतो गं."