नऊ खुंटांची रेघ

पालवी अंगठ्याच्या नखाएवढी होती. दोनच पानं, अजून पुरती न उलगडलेली, कडांना तांबूस. ज्या खुंटातून ती फुटली होती तो मात्र काळाकुट्ट होता, जमिनीपासून टोकापर्यंत. वीज पडून जळालेल्या झाडाचं लाकूड आहे, असं लोक ज्यांना आदराने ‘की’ म्हणत त्या मांत्रिक सुरोगेनींनी तो रोवताना सांगितलं होतं. जळालेल्या लाकडाला पानं फुटली, आणि तेगलवांगीची सगळी वस्ती मिरचीच्या वाफ्यांतला चिखल तुडवत त्या पानांभोवती येऊन उभी राहिली.

वुरयानी शाळेतून परत येत होती. खाली सडकेजवळच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. चढ चढताना तिला वरून आधी गलका ऐकू आला, मग तळणाचा वास आला. बु पारिनेमने छत्रीखाली कढई मांडून टेंपेची, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, भजी काढायला घेतली होती. वस्तीत गर्दी कशासाठीही जमो, पारिनेमची कढई तिथे आधी पोचायची. कुणी खुंटाचे फोटो काढत होतं, कुणी हात जोडून उभं होतं. एक म्हातारी खुंटाची काजळी बोटावर घेऊन नातवंडाच्या कपाळाला लावत होती.

मधोमध की सुरोगेनी. काळा सदरा, काळं मुंडासं, कमरेला वाकड्या पात्याची कट्यार. डोळे मिटून ते डोंगराशी बोलत होते, आणि डोंगर काय म्हणाला ते मग डोळे उघडून लोकांना सांगत होते. स्वतःसाठी त्यांना काही नको होतं. जे हवं होतं ते डोंगरालाच हवं होतं: प्रत्येक खुंटामागे एक बोकड, नवं पांढरं कापड, आणि चांगली भाजलेली कॉफी. डोंगराला कॉफी गोड लागायची.

वुरयानीने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. ती दमली होती, आणि चढामुळे दमली नव्हती.

गेल्या कोरड्या हंगामात घरांच्या वरच्या अंगाला, मिरचीच्या शेतात, जमीन फाटली होती. भेग आडवी, लांबलचक; हात घातला तर कोपरापर्यंत आत जायचा. तालुक्याहून माणसं येऊन पाहून गेली. उतार सरकतो आहे, पावसाळ्यात इथे झोपू नका, असं स्पष्ट सांगून गेली. गावाने सडकेलगत सपाट जागाही दिली. आणि घरं तरी कसली, लाकडी सांगाडे आणि वर कौलं. सगळ्या वस्तीने हात लावला तर एक घर उतरवून, खांद्यावर वाहून, दुसरीकडे उभं करता येतं. या लोकांनी लग्नकार्यासाठी, वाटणीसाठी अशी किती घरं हलवली होती.

पण कोणी हललं नाही. सगळे पाक कास्मिदींकडे बघत होते. ते वस्तीचे जुने मुखिया आणि वुरयानीचे सासरे. ते निघाले असते तर बाकीचे निघाले असते. ते म्हणाले, मिरची निघू दे. मिरची निघाली तेव्हा म्हणाले, ईद होऊ दे. ईद झाली तेव्हा काहीच म्हणाले नाहीत. वरच्या कबरस्तानात बायकोच्या कबरीवरचं गवत काढून आले आणि ओसरीवर बसून राहिले. वुरयानी आधी रोज विचारायची. मग पाऊस आला की विचारायची. आता तर विचारतही नव्हती. लेकीचे कपडे एका पिशवीत भरून तिने दाराजवळ ठेवले होते, तेवढंच. नवरा दूर, समुद्रापलीकडे, कालिमांतानच्या तेलपामाच्या मळ्यात कामाला. तो फोनवर म्हणायचा, बाबा म्हणतील तसं.

पावसाळ्याच्या तोंडावर की सुरोगेनी वस्तीत आले होते. डोंगर भुकेला आहे म्हणाले. रेड्याचं मुंडकं पुरलं, भाताचा उंच शंकू रचून गावजेवण घातलं आणि डोंगर जागच्या जागी ठोकून टाकायला भेगेच्या खाली नऊ ‘भूमीचे खिळे’ रोवले. कबरस्तानातल्या फणसापासून पलीकडच्या मोठ्या कातळापर्यंत, दोर ताणून, अगदी सरळ रेघेत. सैतान वाकड्या वाटेने येतो, सरळ रेघ त्याला ओलांडता येत नाही, म्हणून. त्यानंतर पाऊस सुरू झाला आणि भेग खरोखरच मिटली. आणि आता पालवी.

“डोंगराने खिळे स्वीकारले,” की सुरोगेनी म्हणत होते. “आता नीट ऐका. एक वर्षभर वस्तीतलं एकही घर जागचं हलता कामा नये. एक घर हललं की एक खिळा सैल झाला. मग जे होईल त्याला मी जबाबदार नाही.”

वुरयानी तिथेच थबकली. बोकड नेले, कॉफी नेली, नेऊ दे. पण आता हा माणूस लोकांना इथेच राहायला सांगत होता. चार दिवस पाऊस पुरता थांबला नव्हता. गर्दीच्या कडेला पाक कास्मिदी उभे होते आणि मान डोलवत होते, सुटका झाल्यासारखे.

ती वाट काढत पुढे गेली.

“बघू का मी जरा?”

“बघा की, बाई,” की सुरोगेनी मोठ्या मनाने म्हणाले. “पुस्तकात नसतं ते बघा.”

तिने रुमालाने खुंट पुसला. रुमाल काळा झाला, तेलकट झाला. तिने तो हुंगला आणि पारिनेमच्या हातात दिला. पारिनेमने आपल्या टेंपे चिरायच्या सुरीने, न सांगताच, खुंटाची साल जराशी खरवडली. आत ओलं, हिरवं.

“हे गिरिपुष्प आहे,” पारिनेम म्हणाली. मग सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “माझ्या शेळ्यांच्या कुंपणाचं लाकूड. फांदी तोडून नुसती खोचली तरी फुटतं. आम्ही जन्मभर हीच कुंपणं घातली, आणि काजळी फासून पुढ्यात ठेवलं तर ओळखलं नाही. माझ्या शेळीने ओळखलं असतं.”

कोणीतरी हसलं. की सुरोगेनी हसले नाहीत.

“जळालेलंच होतं. मंत्राने जिवंत झालं. म्हणून तर आत हिरवं.”

“जळालेल्या लाकडाला साल राहते का?” वुरयानीने विचारलं. “याला सबंध आहे. हे जळालेलं नाही, माखलेलं आहे.”

लोक आपसांत कुजबुजायला लागले, पण वुरयानीला ठाऊक होतं की एवढ्याने काही होणार नाही. झालंही तसंच. मागून एकजण म्हणाला, लाकूड कुठलं का असेना, भेग तर मिटली ना. हो, हो, भेग मिटली, असं चारपाच जण म्हणाले. पुन्हा सगळं जिथल्या तिथे. असं तिने वर्गात पाहिलं होतं, घरी पाहिलं होतं. एक गाठ सोडवावी आणि लोकांनी हौसेने दुसरी मारावी.

तिने आवाज चढवला नाही. भातशेतातलं पाणी कापणीआधी तोडलं की चिखल वाळून तडकतो की नाही, एवढंच तिने विचारलं. तडकतो, म्हणाले. पुन्हा पाणी सोडलं की तडे जातात कुठे? मिटतात. चिकणमाती पाणी पिते आणि फुगते, तोंड मिटतं.

“तेव्हा कोणी रेडा कापतं का?”

पारिनेमने सुरी पुसून कमरेला खोचली.

“मिटतं ते वरचं तोंड,” ती म्हणाली. “तोवर त्या भेगेतून पाणी आत गेलेलं असतं. ते खाली कुठेतरी साठतं आहे. भेग दिसत नाही म्हणजे भेग नाही, असं नाही.”

“हे झालं सायन्स,” की सुरोगेनी लोकांकडे वळून म्हणाले. “मातीच्या पोटातलं या बाईंना दिसतं. मला म्हणतात भोंदू.”

आता मात्र लोक मोकळेपणाने हसले. वुरयानीलाही वाटलं, बोलला ते खरं आहे. पोटातलं तिलाही दिसत नव्हतं. ती आपल्या चपलांकडे बघत राहिली. घरी जावं, लेकीला जेवायला घालावं, असं तिच्या मनात आलं. मग तिने मान वर केली, आणि समोर खुंटांची रांग होती. फणसापासून कातळापर्यंत.

तिने एक डोळा मिटून रांगेवरून नजर फिरवली.

“पाक,” ती सासऱ्यांना म्हणाली, “त्या दिवशी दोराचं एक टोक तुमच्या हातात होतं ना?”

“होतं.”

“दोर सगळ्या खुंटांना टेकला होता?”

“प्रत्येकाला. मीच बघत गेलो. की सुरोगेनींनी दोनदा बघायला लावलं.”

“पुन्हा ताणायचा का? तसाच.”

दोर पारिनेमच्या शेळ्यांचा आला. पाक कास्मिदी फणसाकडे गेले, पहिल्या खुंटाला त्यांनी टोक धरलं. पलीकडे कातळापाशी शेवटच्या खुंटाला दोघांनी दुसरं टोक धरलं आणि दोर खेचला. दोर चिखलातून उठला, थरथरला, आणि सरळ झाला.

पहिल्या खुंटाला तो टेकला होता. शेवटच्या खुंटाला टेकला होता. दुसरा खुंट दोराच्या जरासा खाली होता, तिसरा त्याहून खाली, आणि मधला पाचवा, पालवी फुटलेला, दोरापासून एक अख्खा हात लांब, उताराच्या दिशेने, घरांच्या दिशेने. पुढे पुन्हा एकेक जवळ येत गेले. सरळ रेघ धनुष्यासारखी वाकली होती.

हे समजावून सांगावं लागलं नाही. बांध घालणारी, वाफे ओढणारी माणसं होती ती. दोर काय सांगतो ते त्यांना कळत होतं. तरीही वुरयानी बोलली, कारण कधीतरी ते नीट बोलायलाच हवं होतं.

“फणस आणि कातळ पक्क्या जमिनीवर आहेत. मधली जमीन सरकली, तिच्याबरोबर खुंट सरकले. खिळ्यांनी डोंगर धरलेला नाही, डोंगर खिळ्यांना घेऊन निघाला आहे. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. यांच्यावर ठेवू नका असंही म्हणत नाही. दोर तुमचा आहे, खुंट यांचे आहेत, डोळे तुमचे आहेत. जे दिसतं ते बघा आणि मग ठरवा. शेतं इथेच राहतील, दिवसा येऊन कसता येतील. फक्त झोपायला खाली जायचं आहे.”

की सुरोगेनींनी घसा खाकरला. डोंगर श्वास घेतो आहे, ते म्हणाले. छाती फुगली की बरगडी वाकते, तशी रेघ वाकली. आणखी एक मुंडकं पुरलं की श्वास शांत होईल.

“श्वास घेतोय तर घेऊ दे,” पारिनेम म्हणाली, “सोडेल तेव्हा आम्ही खाली असलो म्हणजे झालं.” आणि तिने कढईखालची चूल विझवली.

लोक मात्र नेहमीप्रमाणे पाक कास्मिदींकडे बघत होते.

म्हातारा दोर गुंडाळत खुंटामागून खुंट येत होता. पाचव्यापाशी तो थांबला, वाकला, खुंटापासून जिथे रेघ होती तिथपर्यंतचं अंतर त्याने आपल्या हाताने मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं. वुरयानीने नजर दुसरीकडे वळवली. आता ते म्हणतील, बघू, इन्शाल्ला. ते शब्द ऐकायची तिची मनाची तयारी होती. इतकी वर्षं तीच तयारी होती.

“न्दुक,” ते म्हणाले. सून घरात आली त्या दिवशी त्यांनी तिला अशी लेकीची हाक मारली होती; अलीकडे बऱ्याच दिवसांत मारली नव्हती. “सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराला रंधा मारतो, ते तुला ऐकू येतं?”

“येतं, पाक.”

“दार बसत नाही. पावसाने लाकूड फुगलं असेल म्हणून तासलं. परत बसेना. परत तासलं.” त्यांनी दोराचा आणखी एक वेढा घेतला. “दार फुगलेलं नाही. चौकट तिरकी झालीय. मी ओळंबा लावून बघितला. मला ठाऊक होतं.”

की सुरोगेनींचा शिष्य मोटारसायकल वळवून ठेवायला गेला.

“तुझी सासू इथे वर आहे,” म्हातारा म्हणाला. “तिला सोडून कसं जायचं, म्हणून.”

“कबरस्तान पक्क्या जमिनीवर आहे,” वुरयानी हळूच म्हणाली. “त्यांना काही होणार नाही. तुम्ही रोज येऊ शकाल.”

त्यांनी मान डोलावली. दोराचं वेटोळं पारिनेमच्या हातात दिलं, हाताचा चिखल लुंगीला पुसला, आणि जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. मुखिया होते तेव्हा पाहायचे तसं.

“शिड्या आणा,” पाक कास्मिदी म्हणाले. “पाऊस थांबायची वाट बघायची नाही. कौलं उतरवायला घ्या, माझ्या घरापासून. आपण खाली जातोय.”