आधी चावी फिरवून बघायची

आमच्या कपाटातला पांघरुणांचा खण कॅमेऱ्यांनी कधी गिळला ते मला कळलंच नाही. थंडी पडली तेव्हा कळलं.

आमच्या ह्यांना जुने, रोलवाले कॅमेरे जमवायचा नाद. नुसते जमवत नाहीत, सेवा करतात. काडीला कापूस गुंडाळून भिंगं पुसायची, झाकणाच्या कडेचा डिंकासारखा चिकट झालेला स्पंज खरवडायचा, अधूनमधून प्रत्येकाचं बटण रिकामंच दाबून बघायचं. "हलता राहिला की टिकतो," म्हणतात. स्वतः सोफ्यावरून हलत नाहीत.

ह्या सेवेत एक नियम देवाच्या जागी. मागचं झाकण उघडण्याआधी रोल गुंडाळायची छोटी चावी बोटाने फिरवून बघायची. घट्ट लागली तर आत रोल आहे, झाकणाला हात लावायचा नाही. उजेड शिरला की फोटो गेले. मलासुद्धा पाठ आहे हे.

नणंदबाई, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आपल्या यजमानांचा, आमच्या भावोजींचा, कॅमेरा घेऊन आल्या. भावोजींना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"बाळ्या, बटण अडकलंय रे," त्या म्हणाल्या. "आणि आत रोल आहे हं. शेवटचा फोटो मी काढलाय, ते बागेत बाकावर बसलेत. जन्मभर माणूस कॅमेऱ्याच्या मागे. समोर धरून बसवलेला तो एकदाच. बाकी आहे तो पासपोर्टावरचा, चोरासारखा."

ह्यांनी ऐकलं ते फक्त 'अडकलंय'. कॅमेरा हातात आला की ह्यांचे कान बंद होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते बसले. मी समोर मटार सोलत होते. बटण सुटेना, तेव्हा आतून बघावं म्हणून त्यांनी झाकणाची कडी ओढली. मी "अहो," म्हणेपर्यंत खट्‌ झालं होतं. आत फिल्मचं वेटोळं चमकलं. त्यांनी झाकण इतक्या जोरात मिटलं की मटार खाली सांडले. ते वेचायला दोघंही वाकलो नाही.

न्हाणीघरात अंधार करून त्यांनी फिल्म धुतली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली. पहिले फोटो वाचले होते. शेवटचे वेढे बाहेरच्या बाजूला असतात, उजेड आधी त्यांनाच खातो. बाकाच्या जागी फिल्म काळीठिक्कर.

"मी सांगतो ताईला," ते म्हणाले. मग फोनवर सांगितलं ते असं, "ताई, शेवटचे आले नाहीत गं. फिल्म जुनी झाली की होतं तसं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते भिंग पुसत राहिले. स्वच्छच होतं ते.

चार दिवसांनी नणंदबाई फोटो न्यायला आल्या. चहाचा कप हातात तसाच.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवला मी, त्या उष्णतेनेच फिल्म गेली असणार. धुवायला देऊ, देऊ करत राहिले. रोलमध्ये आहेत तोवर आहेत, असं वाटायचं. माझ्याच हाताने घालवले त्यांना."

"तसं नाही हो ताई," मी म्हटलं आणि पुढचे शब्द गिळले. ते ह्यांचे होते.

ह्यांचे कान लाल झाले. "टाकीचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "मी झाकण उघडलं. चावी न फिरवता. तू सांगितलं होतंस आत रोल आहे, आणि मी ऐकलं नाही."

"आणि फोनवर?"

"खोटं बोललो."

नणंदबाईंनी कप खाली ठेवला. "चार रात्री मी त्या टाकीला शिव्या देतेय, बाळ्या. आणि स्वतःला."

ह्यांनी छापून आणलेले फोटो पुढे सरकवले.

नणंदबाईंनी ते ओढून घेतले. सगळे त्यांचेच, भावोजींनी काढलेले. खिडकीत झोपलेल्या, फोनवर भांडताना, तोंडात टाचण्या धरून परकराला टीप घालताना.

"मला मी नको होते रे," त्या म्हणाल्या. एवढंच. मग एका फोटोवर थांबल्या. कोपऱ्यात जाडसर, धूसर डाग होता. भावोजींचं बोट नेहमी भिंगापुढे यायचं. त्यावरून आम्ही सगळे त्यांना छळायचो.

"बघ, मध्ये कडमडलेच," त्या म्हणाल्या आणि अंगठा त्या बोटावर ठेवून बसल्या.

निघताना तो एक फोटो पर्समध्ये टाकला, बाकीचे टेबलावरच ठेवले. ह्यांनी पुढे केलेला कॅमेरा घेतला. दारात वळल्या. "मी माफ केलंय असं समजू नकोस हं. रविवारी येईन. तेव्हाही केलेलं नसेल."

त्यांचं पाऊल जिन्यावर वाजेनासं झालं, तसे हे उठले. कपाट उघडून एकेक कॅमेरा बाहेर काढून चावी फिरवून बघू लागले. सगळे रिकामे, हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्या चाव्या नुसत्याच गरगर फिरल्या. संपले, तसे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

मी मटार निवडायला घेतले. थांबा म्हटलं नाही.