कुरळ्या केसांची माणसं

करंजाड्याला राहणाऱ्या अंकिताची मुलगी रुचिरा चार वर्षांची. एका सकाळी ती उठली तीच गाल सुजवून. दाताच्या मुळाशी पू झाला होता. बालवाडीच्या बाईंनी चॉकलेटं बंद करायला सांगितलं, आणि अंकिताच्या आईने, वेणूनेही तेच सुनावलं. खरं तर रुचिराला गोड आवडायचंच नाही. ती सुके बोंबील मागून खायची. पण दातांच्या बाबतीत वेणूचा कुणावर विश्वास नव्हता. तिच्या नवऱ्याचे, बळीरामचे, सगळे दात तिशीतच गेले होते. ते तंबाखूने गेले, असं ती पस्तीस वर्षं म्हणत आली होती. मी तंबाखू खात नाही असं बळीराम सांगत राहायचा आणि ती नुसती मान हलवायची.

अंकिता मुलीला घेऊन पनवेलला डॉक्टर डेबोरांच्या दातांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर साठीच्या, बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एक्स-रे पाहिला. दाताला कीड नव्हती. मग त्या रुचिराकडेच पाहत राहिल्या: घट्ट कुरळे केस, पापुद्रे सुटलेली नखं, वयाच्या मानाने मोठं, लांबट डोकं. केस जन्मापासूनच असे आहेत का, असं त्यांनी विचारलं.

अंकिता हसली. आमच्याकडे सगळे असेच, ती म्हणाली. तिचे स्वतःचेही लहानपणी तसेच होते, सतराव्या वर्षी दातांवर कॅप बसवाव्या लागल्या होत्या, आणि बाबांच्या डोक्याला तर बाजारातलं एकही हेल्मेट बसत नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि बाबांना घेऊन या म्हणाल्या.

बळीराम इस्त्रीचा शर्ट घालून आला. सोबत वेणूही. डॉक्टरांनी त्याची नखं, केस, जबड्याचं हाड तपासलं आणि तो, अंकिता व रुचिरा अशा तिघांचं रक्त तपासणीला पाठवलं. दीड महिन्याने रिपोर्ट आला, तेव्हा त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं. ट्रायको-डेंटो-ऑसियस नावाचा हा आजार फार थोड्या घरांत सापडतो. तो एका जनुकातल्या बदलामुळे होतो आणि आईबापांकडून मुलांत येतो. जिवाला धोका नाही, पण दातांचं वरचं कवच पातळ असतं, म्हणून कीड न लागताही आत पू होतो.

"म्हंजे यांचे दात तंबाखूनी नाय गेले?" वेणूने विचारलं.

"नाही. हे जन्मापासूनचं आहे."

आता बळीराम तोंड सोडणार असं अंकिताला वाटलं. पण त्याने फक्त चष्मा काढून पुसला.

अंकिताच्या मनात वेगळंच चाललं होतं. आईबाबा बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं, की हे माझ्याकडून हिला गेलं का. डॉक्टर म्हणाल्या, "हो. पण तुझ्या वेळी कुणाला माहीत नव्हतं. हिच्या वेळी आहे." रुचिराच्या दुधाच्या दाढांवर आताच कॅप घालायच्या आणि पुढचे दात येतील तसे जपायचे, असं ठरलं. कित्येक दिवसांनी अंकिताला मोकळं वाटलं.

घरी वेणूने नवऱ्यासमोर भाताचं ताट ठेवलं आणि तिथेच बसली.

"मी उगाच बोलले तुमाला. इतकी वर्सं."

बळीरामने घास खाली ठेवला. "एकदा खाल्लेली मी तंबाखू. तुझ्या भैनीच्या लग्नात."

वेणू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवसापासून तिने नवऱ्याच्या नातलगांना फोन लावायला सुरुवात केली. ख्यालीखुशाली न विचारता ती थेट दातांचं विचारायची. पुढच्या शनिवारी उरणहून बळीरामची बहीण, तिची दोन मुलं, चुलत भाऊ आणि त्याच्या तीन नाती, अशी सात कुरळी डोकी दवाखान्याच्या बाकावर दाटीवाटीने बसली. डॉक्टरांसाठी पिशवीभर जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडेही आणले होते. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, की आमच्यात चिंबोरी चालत नाही, फक्त खवल्यांचा मासा चालतो.

सगळे ओशाळले. पण पुढच्या खेपेला बळीरामच्या बहिणीने ओल्या गोणपाटात गुंडाळलेला हातभर लांब जिताडा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "खवले बगून घ्या, डॉक्टरीणबाय."

डॉक्टर डेबोरांनी खरोखरच वाकून पाहिले. मग मासा आत पाठवला आणि हात धुऊन सर्वांत धाकट्या नातीला खुर्चीत बसवलं.